दुपारच्या टोळीतली दहावी जागा

राजापेठेत दुपारी दोन ते चार लीलाबाईंच्या दाराची बेल वाजवायची नाही, हे दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कुरिअरवाला पाकीट खालच्या शिकवणी क्लासच्या वॉचमनकडे देतो आणि गुपचूप निघून जातो. पूर्वी त्या वेळी त्या झोपायच्या, असं त्यांचे यजमान रामराव सांगतात. आता त्या लढत असतात. कोणाशी लढतात, असं विचारलं की रामराव पंख्याकडे बघतात.

रामरावांचं दुचाकीच्या सीट-कव्हरचं दुकान आहे. माणूस इतका शांत, की गिऱ्हाईक जाऊन दुसरं आलं तरी पहिल्याला द्यायचं उत्तर त्यांच्या तोंडातच असतं. लीलाबाई उलट. माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बागेतलं. बाईला एकच खोड, सुरू झालेलं काही अर्धवट सोडवत नाही. एक टीव्ही मालिका होती. तिच्यातली नायिका तीनदा बदलली, नायकाची दोनदा स्मृती गेली, शेवटी घरातल्या सगळ्यांनी नाद सोडला. लीलाबाईंनी शेवटचा भाग होईपर्यंत जागा सोडली नाही. शेजारच्या प्रतीक्षानं सोळा सोमवार धरले आणि सातव्याला पाणीपुरी खाऊन मोडले. उरलेले लीलाबाईंनी पुरे केले. नवरा मात्र प्रतीक्षाला चांगला मिळाला. रामरावांच्या देखत ही गोष्ट काढायची नाही, एवढं पथ्य गल्लीत सगळे पाळतात, आणि म्हणूनच ती त्यांच्या देखत दर दिवाळीला निघते.

असं असताना त्यांच्या मुलानं, नितेशनं, टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घरी आणलं. आठ दिवसांत त्याची हौस फिटली. यंत्र टीव्हीखाली पडून राहिलं. एका दुपारी टीव्ही पुसताना लीलाबाईंच्या हाताचा कुठेतरी धक्का लागला आणि पडदा उजळला. पडद्यावर एक शिपाईगडी उभा. पाऊस पडून राहिला, मागे किल्ला जळून राहिला, आणि हा बापडा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत नुसता उभा. लीलाबाईंनी सुनेला हाक मारली. सून आचल खालच्याच क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. तिनं वाचून सांगितलं, की राणीचा मुलगा पळवून नेलाय आणि याला तो शोधायचा आहे.

"मंग जात काहून नाही थो?"

"आई, तुम्ही बटण दाबल्याशिवाय तो जाणार नाही."

"कधीपासून उभा हाय?"

आचलनं हिशेब केला. नितेशनं खेळ सोडल्यापासून. लीलाबाई पदर खोचून समोर बसल्या. त्या चातुर्मासात त्यांनी राणीचा मुलगा शोधून दिला.

या पहिल्या जातीच्या खेळाबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं, आणि अजूनही आहे. त्याचं कारण असं, की त्यात सगळं जग तुमच्यासाठी थांबून असतं. तुम्ही मेथी निवडायला गेलात तर किल्ल्याची आग तेवढीच राहते, एक वासा जास्त जळत नाही. राणी रडायची थांबते, तुम्ही परत आलात की उरलेलं रडते. राजा, शिपाई, वैद्य, चोर, सगळं काम तुमचं एकट्याचं. गावातला जो भेटेल तो तुम्हाला म्हणणार, की तुमचीच वाट बघत होतो. लग्नाला इतकी वर्षं होऊनही असं लीलाबाईंना कोणी म्हटलं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे गोष्टीला शेवट होता. मुलगा सापडला, राणी हसली, मग नावांची मोठी यादी वर सरकत गेली. लीलाबाई ती यादी शेवटपर्यंत हात जोडून बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उद्यापन केलं. पुरणपोळी, कटाची आमटी, पाच सवाष्णी, ओटी, वाण. गल्लीनं यथेच्छ जेवण केलं. कशाचं उद्यापन, हे कोणी विचारलं नाही. श्रावणात राजापेठेत कोणी जेवायला बोलावलं तर चौकशा करत नाहीत. पुढे दर काही महिन्यांनी लीलाबाईंचं एखादं व्रत पुरं होऊ लागलं. आम्हाला वाटलं, बाईंची भक्ती वाढली. तिकडे बाई एका उडत्या बेटावरच्या आंधळ्या राजाला गादी मिळवून देत होत्या.

मग घरातले खेळ संपले. आचलनं सासूबाईंना संगणकावर एक नवा खेळ लावून दिला. देशोदेशीचे लोक एकदम आत येऊन खेळतात असा. आचल म्हणाली, आई, हा फुकट आहे आणि हा संपत नाही. कापडवाला कापड फाटत नाही म्हणतो, भांडेवाली भांडं जळत नाही म्हणते. लीलाबाईंनी सुनेचं बोलणं त्याच हिशेबानं घेतलं.

पहिल्याच दिवशी बाईंचं डोकं फिरलं. आल्या-आल्या वेशीवर एक म्हातारा भेटला. म्हणाला, भविष्यात सांगितलेली ती वीर तूच, माझी शेळी हरवलीय. लीलाबाईंनी रानातून शेळी आणून दिली. मागे वळून बघतात तर रांग लागलेली. जो येईल त्याला म्हातारा तेच सांगतोय, तूच ती वीर, माझी शेळी हरवलीय. लीलाबाईंनी म्हाताऱ्याला पुष्कळ सुनावलं. तो हसतमुखानं शेळीचंच बोलत राहिला. त्या गावात जो-तो तारणहार होता. कोणी छपरावर उड्या मारत होतं, कोणी डुकरावर बसून फिरत होतं, आणि राज्य संकटात असल्याचं कोणाच्या तोंडावरून वाटत नव्हतं. गोष्ट कुठे आहे, असं त्यांनी आचलला विचारलं. आचल म्हणाली, गोष्ट आहे, पण लोक ती वाचत नाहीत.

आणि इथे जग थांबत नव्हतं. लीलाबाई रानात असताना कुकरची शिट्टी झाली. त्या सवयीनं उठल्या, गॅस बारीक केला, परत आल्या तर खेळातली त्यांची बाई गवतात मरून पडली होती आणि लांडगा शेजारी बसला होता. तेवढ्यात कुठून तरी एक चिलखत घातलेली बाई आली. तिनं लांडगा मारला, लीलाबाईंना उठवलं, आणि हेडफोनातून आवाज आला.

"ताई, किती शिट्ट्या झाल्या? माझ्याकडे तीन ऐकू आल्या."

लीलाबाईंचा माइक सकाळपासून चालू होता. आचल-सासू संवाद, भंगारवाला, म्हाताऱ्याला दिलेल्या शिव्या, हे सगळं त्या रानातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं.

आवाजाची मालकीण नसीमबानो. अकोल्याची. तिचं बायकांचे ड्रेस शिवायचं दुकान आहे, आणि ते दुपारी दोन ते चार बंद असतं. घरमालक रऊफभाई त्या वेळात घोरतात, त्यांना मशिनीचा आवाज चालत नाही. मग नसीमबानो मशिनीच्या टेबलावरच संगणक लावून खेळते. तिची एक टोळी होती. दुपारीच मोकळे असणारे लोक, सगळे इकडचेच, विदर्भातले. कोणी रात्रपाळी करून आलेली नर्स, कोणी निवृत्त कंडक्टर. आपापसात त्या टोळीला दुपारची टोळी म्हणत. जागा दहा. नऊ भरलेल्या होत्या. दहावी नसीमबानोनं लीलाबाईंना देऊ केली. कारण विचारलं तर म्हणाली, कुकर लावूनही लढायला येते ती बाई कामाची.

टोळीत गेल्यावर लीलाबाईंना कळलं, की इथे एकट्यानं सगळं करायचं नसतं. ज्यानं-त्यानं एकच काम करायचं. कोणी पुढे उभं राहून मार खायचा, कोणी मागून बाण सोडायचे, कोणी जखमेवर मलम लावायचं. नसीमबानो पुढे मार खायची. त्याआधी ती मलम लावत असे, पण ते काम तिनं लीलाबाईंना दिलं. पंगतीत वाढपी बघतो तसं लीलाबाई बघत, कोणाचं ताट रिकामं झालं, कोण संकोची आहे, कोण उगाच ओरडतोय. कंडक्टर फार ओरडायचा. त्याला त्या शेवटी वाढायच्या. पण उपाशी कोणी उठला नाही. टोळी जिंकू लागली. जिंकलेलं सामान एका कोठारात ठेवत. कोठाराची किल्ली नसीमबानोनं लीलाबाईंकडे दिली, कारण बाकीच्यांवर तिचा विश्वास नव्हता आणि तसं ती त्यांच्या तोंडावर बोलली होती.

आता दैत्याचं सांगायला हवं. काचेच्या किल्ल्यात एक दैत्य राहतो. तो किल्ला दसऱ्याच्या सुमारास उघडणार आणि कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास बंद होणार, असं खेळवाल्यांनी आधीच जाहीर केलं होतं. आत फक्त दहा जण जाऊ शकतात, आणि दहाही जण शेवटच्या लेव्हलचे हवेत. दैत्य तोंडातून आग सोडतो. ती अडवायला एक विशिष्ट ढाल लागते. टोळीनं तिच्यासाठी उन्हाळाभर खपून एक-एक तुकडा जमवला, ढाल घडवली आणि कोठारात ठेवली. सगळे शेवटच्या लेव्हलला पोचले होते. राहिल्या होत्या लीलाबाई. त्यांना आचलनं माहिती काढून सांगितलं होतं, की दैत्य मरताना त्या सगळ्या जगाची गोष्ट उलगडते. त्या दिवसापासून बाईंना दुसरं काही सुचत नव्हतं. न वाचणाऱ्या लोकांच्या त्या खेळात गोष्टीचा शेवट बघायची ओढ असलेलं माणूस बहुधा एकच होतं, आणि ते राजापेठेत राहत होतं.

श्रावणात एका दुपारी टोळी नसताना लीलाबाई शेवटच्या लेव्हलला पोचल्या. तुताऱ्या वाजल्या, फुलं पडली, पडद्यावर सोनेरी अक्षरं आली. त्यांनी अक्षरं ओळखली, शेवट असा शब्द त्यांना इंग्रजीतही वाचता येत होता. आचल क्लासवर होती. बाईंनी विचार केला, सगळे आधीच पोचलेले, आपल्यासाठी थांबलेले, आता सगळ्यांचंच पुरं झालं. दैत्याचं त्यांनी असं धरलं, की तो दसऱ्याला वेगळ्या पोथीत यायचा असेल, आणि नव्या पोथीला मांडणीही नवी. आणि पुरं झालं की उद्यापन. त्यात काही शिळं ठेवायचं नसतं.

त्या वेशीवरच्या गावात परत गेल्या. नव्या आलेल्या लोकांत पाच बायका हेरल्या. कुंकू लावता येईना, म्हणून नमस्काराचं बटण दाबलं. मग स्वतःचं सगळं सामान आणि टोळीचं कोठार, दोन्हीच्या पाच वाटण्या करून त्या पाच जणींच्या ओटीत घातल्या. एका लांब वेणीच्या, लाल कपड्यातल्या बाईला ढाल गेली. ती फार वाकून नमस्कार करत होती.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता नसीमबानोनं कोठार उघडलं. मग तिनं विचारलं, की कोणी चोरलं का. लीलाबाईंनी आनंदानं काय केलं ते सांगितलं, सगळ्यांचं नाव घेऊन केलं हेही सांगितलं. कंडक्टर त्या दिवशी ओरडला नाही. तो निघून गेला, आणि त्याच्यामागे बाकीचे.

"ताई," नसीमबानो म्हणाली, "आता कुठं सुरू होणार होतं."

लीलाबाईंना ते वाक्य समजायला दोन दिवस लागले. शेवटच्या लेव्हलनंतर खरा खेळ सुरू होतो, हे जगातल्या शाळकरी पोरांना माहीत आहे. पण ज्या घरात पोथीची समाप्ती झाली की चौरंग उचलतात, त्या घरात ते कसं माहीत असावं?

त्याच आठवड्यात नसीमबानो अस्तराचं कापड घ्यायला अमरावतीला आली आणि पत्ता काढून राजापेठेत लीलाबाईंच्या दारात उभी राहिली. दोघी पहिल्यांदा समोरासमोर. रामरावांनी दार उघडलं, "या" म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा घाईनं दुकानात जाऊन बसले. आचलनं चहा-पोहे दिले आणि दाराच्या आडोशाला थांबली. पुढचं सगळं तिच्याकडून कळलेलं आहे, म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही.

नसीमबानोनं पोह्यांना नावं ठेवली नाहीत, मग मुद्द्यावर आली. ते सामान नव्या लोकांना वापरताच येत नाही, लेव्हल लागते. त्यांच्या पिशव्यांत पडून आहे. जाऊन परत मागा, देतील. नाही मागितलं तर टोळी म्हणते दहावी जागा दुसऱ्याला द्या.

"दिलेलं वाण परत मांगत नाहीत, नसीम."

"ते मले शिकवू नका. आमच्याकडे पण सदका दिला की दिला. पण ताई, दान आपल्या मालाचं होते. दुसऱ्याच्या मालाचं नाही होत."

आचल सांगते, की त्यांनी बशीतला चहा खाली ठेवला आणि तो तसाच राहिला. चहा टाकलेला त्या घरात कोणी पाहिला नव्हता. नसीमबानो जाताना त्यांनी तिच्याही ओटीत नारळ घातला. तिनं तो घेतला आणि म्हणाली, की हा तरी तुमचाच आहे ना.

नंतर लीलाबाई वेशीवरच्या त्या गावात जाऊन बसू लागल्या. शेळी हरवलेल्या म्हाताऱ्याच्या शेजारी, दगडावर. परत मागायचं तर नव्हतं, पण माणसं तरी बघू. पाचांतल्या एकीनं सामान त्याच दिवशी बाजारात विकून डुक्कर घेतलं होतं. दोघी त्यानंतर खेळात परत आल्याच नाहीत. त्यांच्या पिशव्या त्यांच्याबरोबर कुठे गेल्या, कोणाला ठाऊक. पहिल्या जातीच्या खेळात असं होत नसे. तिथे माणूस मेलं तर का मेलं, कुठे पुरलं, सगळं सांगत. चौथीची भाषा लीलाबाईंना कळेना, आचललाही कळेना. ती फक्त नाचायची.

पाचवी आली. लाल कपडे, लांब वेणी. लीलाबाईंनी माइकवर तिची विचारपूस केली, सासर कुठलं, लेकरं किती. ती काही बोलेना. लिहून एवढंच उत्तर देई, हो मावशी, नाही मावशी. बाई लाजाळू आहे, असं लीलाबाईंनी धरलं. त्यांनी ठरवलं, ढाल मागायची नाही, पण हिला ढाल पेलेल अशी करायची. रोज दुपारी त्या वेणीवालीला घेऊन रानात जाऊ लागल्या. वेणीवाली पुढे लढायची, लीलाबाई मागून मलम लावायच्या. बाई धीट होती. पोळा गेला, गणपती गेले, लेव्हल चढत गेल्या. लीलाबाईंनी तिला दिवाळीला जेवायला बोलावलं, आणि साडी कोणत्या रंगाची आवडते ते विचारलं. त्यावर समोरच्याच्यानं राहवलं नाही. पहिल्यांदा माइक लागला. आवाज चांगला भरदार होता.

"मावशी, मी बाई नाही. हिवरखेडचा सूर्यभान हाय मी. मले मिशा हायेत."

लीलाबाईंनी हेडफोन सारखा केला.

"मंग ओटी काहून घेतली?"

"तुमी देऊन राहिल्या होत्या. नाही म्हणणं बरं दिसत नव्हतं."

सूर्यभान चांगला जमीनदार गडी. काळ्या जमिनीत कपाशी, विहीर, मोटारपंप. दुपारी शेतात थ्री-फेज वीज नसते. ती येईपर्यंत पंपाच्या खोलीत खाटेवर बसून तो लॅपटॉपवर खेळायचा. बाईचं रूप का घेतलं, असं विचारल्यावर म्हणाला, की खेळात आपल्या माणसाले दिवसभर मागूनच बघायचं असते तर बैलासारखा गडी कोण बघीन. हे उत्तर हिवरखेडात पोचलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं. आता पोचेलच.

ही बातमी अकोल्याला गेल्यावर नसीमबानो इतकी हसली, की टाके वाकडे आले आणि कोणाची तरी बाही उसवावी लागली. मग तिनं लगेच ओळखलं, की यात सुटका आहे. सवाष्ण नव्हतीच तर ओटी कसली? ते वाण लागूच झालं नाही. ढाल परत घ्या. सूर्यभानही देतो म्हणाला, त्याला तर आधीपासून लाज वाटत होती. ढाल नसीमबानोच्या हातात, लीलाबाई मागे मलमाला, दहा जण पुरे, दैत्य आठ दिवसांवर. टोळीनंही मान्य केलं. कंडक्टर तर पुन्हा ओरडू लागला होता.

दहावी जागा लीलाबाईंच्या पुढ्यात आली होती, आणि तिच्यामागे त्या गोष्टीचा शेवट.

त्यांनी एक दिवस मागून घेतला. त्या दिवशी संगणक लावला नाही. रामराव सांगतात, की जेवताना त्यांनी विचारलं, पंगतीत चुकून आलेला माणूस पानावर बसला असेल तर काय करायचं. रामराव म्हणाले, वाढायचं. त्यांच्या आयुष्यातलं हे वेळेवर दिलेलं पहिलं उत्तर असावं.

दुसऱ्या दिवशी लीलाबाईंनी टोळीला सांगितलं. "ओटी नाही लागू झाली तर नको होऊ दे. पण सूर्यभाननं दोन महिने त्या ढालीसाठी मार खाल्ला. बसलेल्या माणसाले पानावरून उठवत नाहीत. ढाल त्याची. त्यालेच पुढं उभा करा."

"मंग मले मागं यावं लागन," नसीमबानो म्हणाली. "मलम मी लावीन. दहा होतात ताई. तुमची जागा राहत नाही."

"नाही राहत."

"तुमाले शेवट बघायचा होता."

"बघायचा होता," लीलाबाई म्हणाल्या, आणि कोठाराची किल्ली नसीमबानोला देऊन बाहेर पडल्या.

गुरुवारी टोळी काचेच्या किल्ल्यात गेली. दोन तास लीलाबाई स्वयंपाकघरात वाल सोलत बसल्या. त्या घरात वाल कोणाला आवडत नाहीत. चारच्या सुमारास फोन आला. सूर्यभान.

"मावशी, थो मेला."

"कसा मेला?"

"मारला आमी."

लीलाबाईंनी वालाची परात बाजूला केली. गोष्ट अशी सांगतात का, असं म्हणून त्यांनी त्याला पहिल्यापासून सुरू करायला लावलं. दरवाजा कशाचा होता. काचेचा. काचेवर काय होतं. सूर्यभाननं बघितलं नव्हतं. दैत्य आधी काय बोलला. कायतरी बोलला, इंग्रजीत होतं. रडून बोलला की रागानं. सूर्यभान विचारात पडला. म्हणाला, मावशी, आमच्या सूर्याजीबुवाची म्हैस मेली तेव्हा ते असेच बोलले होते. लीलाबाई म्हणाल्या, आता बरोबर सांगून राहिला, पुढं चाल. मग दैत्याचा एक हात तुटला, तिथपर्यंत गोष्ट आली आणि हिवरखेडला वीज आली. मोटार सुरू करायला सूर्यभान पळाला.

उरलेलं दुसऱ्या दिवशी. पण दुसऱ्या दिवशी वीज लवकर आली. शनिवारी त्याच्याकडे कापूस वेचायला बायका होत्या. रविवारी लीलाबाईंनी त्याला मागे नेलं, कारण किल्ल्याच्या पायऱ्यांवर कोणाचे तरी पुतळे होते हे त्याला तेव्हा आठवलं आणि ते पुतळे कोणाचे हे समजल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. सूर्यभान आता टोळीतल्या लोकांना विचारून येऊ लागला. कंडक्टरला पुतळ्यांची माहिती होती. त्यानं सगळं वाचलं होतं आणि लाजून कोणाला सांगितलं नव्हतं. दैत्याचा दुसरा हात बुधवार उलटला तरी शाबूतच होता.

आणि गुरुवारी तो दैत्य काचेच्या किल्ल्यात पुन्हा उभा होता, दोन्ही हातांनिशी, जणू काही झालंच नाही. त्या खेळात दर आठवड्याला तसंच असतं. लीलाबाईंना हे कळल्यावर त्यांनी मग मारला कशाला, एवढंच विचारलं.

दोन वाजता नसीमबानोचा फोन आला. नर्सबाईंच्या घरी साखरपुडा होता, त्या येणार नव्हत्या. त्यांच्या जागी मी लढते, मग मलमाला कोणी नाही, दुसरं कोणी बघू का, की तुम्ही येता, असं तिनं विचारलं. टोळीचं म्हणणं तुम्हीच या असं आहे, हे तिनं कंडक्टरच्या नावावर सांगितलं.

लीलाबाईंच्या दुसऱ्या कानाला दुसरा फोन होता, आचलचा. त्यावर हिवरखेड.

"थांबा जरा," त्या नसीमबानोला म्हणाल्या. "सूर्यभान सांगून राहिला. अजून एक हात हाय त्याचा."

नसीमबानो म्हणाली, की ताई, किल्ला उघडलाय, दैत्य समोर उभा आहे, स्वतःच्या डोळ्यांनी येऊन बघा ना. लीलाबाई म्हणाल्या, येते, पण आधी हा मरू दे.

नसीमबानोनं टोळीला तसं सांगितलं. काचेच्या दरवाज्याबाहेर आठ जण हत्यारं खाली ठेवून बसले. नववा, लाल कपड्यातला, ढाल घेऊन जागच्या जागी उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत, कारण त्याचा मालक फोनवर बोलत होता. मागून दुसऱ्या टोळ्या आल्या, यांना ओलांडून आत गेल्या. कोणी तरी विचारलं, तुम्ही काहून थांबले. कंडक्टर ओरडून म्हणाला, आमची बाई यायची आहे.